अहेरीत जर्मन बोलायचं कोणाशी?

नसरीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी फोन करणाऱ्या बाईचीच उलटतपासणी घेतली. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कोणती नसरीन, आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं... पलीकडे तिची धाकटी जाऊ होती. ती बिचारी हुंदके देत होती आणि मी इकडे ब्रह्मपुरीत, कणकेनं भरलेल्या हातात फोन धरून तिला प्रश्नावर प्रश्न विचारत होते. फोन ठेवल्यावरही खात्री पटेना. मग अहेरीच्या आमच्या शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, त्यानंतर आलापल्लीच्या एका ओळखीच्या दुकानदाराला. सगळ्यांनी तेच सांगितलं. ताप आला, तिनं अंगावर काढला, मलेरिया डोक्यात गेला, आणि चंद्रपूरच्या वाटेवरच तिची शुद्ध हरपली. सगळ्यांचं बोलणं जुळलं तेव्हा कुठे मी ओट्याला टेकून खाली बसले आणि मला रडू फुटलं.

मेल्याची बातमीही तपासून घेणारी ही कोण बया, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर सांगते. माझे वडील वनखात्यात नाकेदार होते. जंगलातून येणारा प्रत्येक ट्रक त्यांच्या आडव्या बांबूपाशी थांबायचा, ड्रायव्हर कागद दाखवायचा, आणि वडील कागदाकडे न बघता ट्रकच्या मागे जाऊन बांबूच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचे. "वरचं तं कोनीबी दाखवते पोरी, खालचं पाहाव," असं मला सांगायचे. वर बांबू आणि खाली सागवान, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की घरी आलेल्या पाहुण्याच्या पिशवीकडेही ते त्याच नजरेनं बघत. ती नजर वारशानं माझ्याकडे आली. भाजीवालीच्या तराजूपासून नवऱ्याच्या उशिरा येण्यापर्यंत मी कशावरच एकदम विश्वास ठेवलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं माझं नुकसान काही झालेलं नाही. नसरीनला माझा हा स्वभाव माहीत होता. "कुसुमबाई, तुमी स्वर्गात गेल्या तरी आधी दाराच्या मागं पाहान," असं म्हणून ती हसायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अहेरीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आधीपासून होते, नसरीन नंतर आली. लहानखुरी, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर, आणि पोरांना ओरडतानाही चेहऱ्यावरचं हसू पुरतं जायचं नाही. तिच्या नवऱ्याचं, रफीकभाऊंचं, बाजारात घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घर मात्र एकत्र. तीन भाऊ, तिघांच्या बायका, पोरं, आणि मधल्या खोलीत खाटेवर बसून सगळ्यांवर कान ठेवणारी सासू. सगळे तिला अम्मा म्हणत, मीही म्हणू लागले. त्या घरात खोल्यांना दारं नव्हती, पडदे होते. एका खोलीत कोणी कूस बदलली तर दुसऱ्या खोलीतून "नींद नहीं आ रही क्या?" असं विचारलं जायचं. दोन्ही जावांना पोरं होती, नसरीनला नव्हतं. नागपूरपर्यंतचे डॉक्टर झाले, चंद्रपूरच्या दर्ग्यावर चादर चढवून झाली, काही उपयोग झाला नाही. आणि मग त्या घरात रफीकभाऊंच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. याला कोणी त्यांच्या धर्माची गोष्ट समजू नये. माझ्या सख्ख्या काकानं याच कारणासाठी दुसरी आणली होती आणि पहिलीनं मांडवात तिला ओवाळलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नसरीनच्या डोक्यावर ही तलवार लटकते आहे हे साऱ्या अहेरीला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की रफीकभाऊ हो कधी म्हणतात.

अशा दिवसांत एकदा मधल्या सुटीत ती डबा उघडता उघडता मला म्हणाली, "बाई, मी जर्मन शिकून राह्यली."

मी घास खाली ठेवला. विचारलं, "काऊन?"

"असंच."

असंच? ज्या बाईच्या उरावर सवत येऊ घातलीय ती असंच जर्मन शिकते? मी म्हटलं, खाली सागवान आहे. तिनं सांगितलं ते असं. रफीकभाऊ दुकानात दुरुस्त केलेला रेडिओ शॉर्टवेव्हवर लावून तपासत, तेव्हा एकदा जर्मनीच्या स्टेशनवर भाषेचा धडा लागला. शिकवणारी बाई इंग्रजीतून समजावत होती. रफीकभाऊंनी गंमत म्हणून तिच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं, तर तिकडून चक्क धड्यांचं पुस्तक आलं, फुकट. त्या पाकिटावर परदेशी तिकीट पाहून पोस्टमननं ते आधी अर्ध्या बाजाराला दाखवलं आणि मग तिला दिलं. म्हणजे ती शाळेत सांगायच्या आधी गावाला माहीत होतं. आणि गावाचंही माझ्यासारखंच मत होतं, की फुकट कोणी कोणाला पुस्तक पाठवत नसतं.

आता तिनं जर्मन शिकायच्या ज्या तऱ्हा काढल्या त्या मात्र मला सांगितल्याच पाहिजेत. आज माझ्या भाच्याची पोरगी पुण्यात जर्मनच्या क्लासला जाते आणि रडते. तिला म्हटलं, आमच्या नसरीननं हे चुलीसमोर बसून हसत हसत केलं. तिचा पहिला नियम असा की पुस्तक घेऊन बसायचंच नाही. भाषा हातातल्या कामाला चिकटवायची. पोळ्या लाटताना आकडे. आइन्स, त्स्वाय, द्राय... प्रत्येक पोळीला एक आकडा, पोळी फुगली की आकडा पाठ, करपली की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारच्या बाजारात वांगी, कांदे, मिरच्या बघत मनातल्या मनात त्यांची जर्मन नावं घ्यायची, नाव आठवलं नाही तर ती भाजी त्या आठवड्यात घ्यायची नाही. एकदा तीन आठवडे त्यांच्या घरी टमाटे आले नाहीत ते यामुळेच, आणि अम्मांना वाटलं भाव वाढले. नवा शब्द आला की त्याला आपल्या घरचा एखादा शब्द बांधायचा. पाण्याला ते वासर म्हणतात, तर वासरू पाणी प्यायला आलं असं डोळ्यापुढे आणायचं, झालं, जन्मात विसरत नाही. काही उच्चार तोंडात बसेनात तेव्हा तिनं युक्ती काढली, की शीळ घालायला करतो तसे ओठ करायचे आणि आतून ई म्हणायचं. तिनं मलाही करायला लावलं. स्टाफरूममध्ये दोन प्रौढ मास्तरणी ओठांचा चंबू करून ई ई करताहेत हे हेडमास्तरांनी पाहिलं आणि ते आल्या पावली परत गेले.

आणि ती म्हणायची की ही भाषा इंग्रजीवाल्यांना अवघड जाते, आपल्याला नाही. इंग्रजीत टेबल, खुर्ची, चमचा सगळं एकाच मापाचं. जर्मनमध्ये मात्र तो-ती-ते, अगदी मराठीसारखं. उर्दूमुळे घशातून काढायचा ख़ तिच्याकडे आयताच होता. "बाई, अर्धी जर्मन तं आपल्या घरीच पडली हाये, फक्त झाडून घ्याची," असं तिचं म्हणणं. मोठमोठी वाक्यं ती पाठ करत नसे. रोज मूठभर शब्द, खिचडीला तांदूळ घेतो तेवढे. आणि बोलायचं, चुकलं तरी बोलायचं. मी एकदा खोचकपणे विचारलं, "अहेरीत तू जर्मन बोलशील कोणाशी?" तर म्हणाली, "बकरीसंग. ते मले हासत नाई." आणि खरंच बोलायची. त्यांच्या अंगणात एक पांढरी शेळी होती, तिला ती जर्मनमधून हाका मारायची, रागवायची, पाला खायला घालायची. मी तिथे बसून बघत असे आणि मनात म्हणत असे, हा वरचा बांबू झाला.

माझे तर्क सांगते. पहिला तर्क, ही निघून जाणार. कुठेतरी अर्ज केला असेल, नर्सिंगचा, शिक्षिकेचा, कशाचाही. सवत दारात यायच्या आत ही विमानात. दुसरा तर्क मी कोणाला बोलले नाही, पण रेडिओवरच्या कोणाशी तरी पत्रव्यवहार असावा, हे मनात येऊन गेलं. रफीकभाऊंवरही माझी नजर होतीच. ते मधून मधून चंद्रपूरला जात, म्हणत पार्ट आणायला जातो. मी म्हटलं, पार्ट की पोरगी बघायला? एकदा ते बसमधून उतरले तेव्हा मी मुद्दाम हालहवाल विचारत त्यांच्या पिशवीत डोकावले. पार्टच होते. पण पार्ट काय, वरही ठेवता येतात.

अम्मांनीही एक दिवस मला खाटेवर बोलावून घेतलं, सुपारी दिली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू समझा उसको. सौतन नहीं आएगी, बहन आएगी. लड़का भी मान जाएगा, बस ये रोना-धोना ना करे." मला त्या म्हातारीचाही राग आला नाही. तिला घरात रांगणारं पोर हवं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण मी नसरीनला जाऊन समजावलं नाही, फक्त सांगितलं की असं चाललंय. ती पोरांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत हाये, बाई." ना रडली, ना चिडली. वर आणखी तोंडातल्या तोंडात काहीतरी जर्मन पुटपुटली. ज्या बाईचा संसार मोडायला आलाय ती इतकी थंड कशी राहते... माझा पहिला तर्क त्या दिवशी पक्का झाला. ही जाणार.

आणि मग ते चिठ्ठ्यांचं प्रकरण झालं. तो-ती-ते लक्षात राहावं म्हणून तिनं घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या डकवायला घेतल्या होत्या. त्यातही तिची करामत अशी की तो असेल तर निळ्या शाईत, ते असेल तर हिरव्या, आणि ती असेल तर लाल. चमचा निळा, खिडकी हिरवी. दूध लाल, दिवा लाल, घड्याळ लाल, म्हणजे रफीकभाऊंच्या घरातली सगळी भिंत लाल. शेळीच्याही गळ्यात लाल चिठ्ठी बांधली, ती शेळीनं खाल्ली. इथवर ठीक होतं. पण दार हेही त्यांच्याकडे ती, म्हणून तिनं रस्त्यावरच्या मोठ्या दाराच्या बाहेरच्या अंगाला, कोणाला न कळणाऱ्या भाषेत, लाल शाईनं लिहिलेला कागद चिकटवला. अहेरीत. त्या दिवसांत. बाहेरच्या वाचकांना सांगते, आमच्याकडे तेव्हा रात्रीतून झाडावर, पुलावर, एखाद्याच्या दारावर लाल अक्षरांतला कागद लागला तर लोक तो वाचायलाही जवळ जात नसत. जंगलातल्यांनी, म्हणजे नक्षल्यांच्या एखाद्या दलमनं, लावला असेल तर काढणाऱ्याची खैर नाही, आणि न काढावा तर पोलीस विचारणार की का ठेवलास. नसरीनच्या डोक्यात तेव्हा दार स्त्रीलिंगी आहे एवढंच होतं. सकाळी समोरच्या घरातली माणसं मागच्या दारानं ये-जा करू लागली. दूधवाला आला नाही. तिचा मोठा दीर तो कागद बघून अंगणातच मटकन बसला. दुपारपर्यंत ठाण्यातून जमादार आला.

गलबला ऐकून मीही पोचले होते. जमादारानं लांबूनच काठीनं कागद दाखवला. "हे कोनं लावलं? कोनत्या दलमचं हाये?"

"साहेब, ते दार हाये," नसरीन म्हणाली. "दाराले त्यायच्या भाषेत काय म्हनते ते लिवलं हाये."

"मंग लाल काऊन?"

"दार बाई हाये म्हनून."

जमादारानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. त्यानं आत येऊन सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या, दुधाच्या पातेल्याची, दिव्याची, घड्याळांची. रेडिओ उघडून बघितला. परदेशी पुस्तक चाळलं, त्यात रेल्वे स्टेशनवर कॉफी पिणाऱ्या बाईचं चित्र होतं, ते त्याला पटलं असावं. हळूहळू त्याचा आवाज उतरला. जाताना त्यानं गमतीनं विचारलं, "अन् पोलिसाले काय म्हनते?" नसरीननं शब्द सांगितला. कोणत्या शाईत लिहायचा ते मात्र सांगितलं नाही. नंतर माझ्या कानात म्हणाली, "तेबी लालच हाये, बाई." मला तशाही परिस्थितीत हसू आवरेना.

जमादार गेला आणि मग घरानं तोंड उघडलं. दीर, जावा, अम्मा, सगळे एकदम. नोकरी जाईल, दुकान जाईल, आम्हा सगळ्यांना आत टाकतील. आणि रफीकभाऊ, एरवी ज्यांचा आवाज घड्याळाच्या टिकटिकीवर जात नसे, ते सगळ्यांदेखत कडाडले, "बंद कर ये सब! कल से एक चिट्ठी दिखी तो मुझसे बुरा कोई नहीं!" अम्मांनी समाधानानं मान हलवली. नसरीन उभी राहिली, त्यांच्याकडे बघून शांतपणे एक वाक्य जर्मनमध्ये बोलली, आणि चिठ्ठ्या काढायला लागली. मला वाटलं आता हे हात उगारतात. पण ते वळले, नळावर गेले आणि तोंड धुवत राहिले, बराच वेळ. तेव्हाच मला एक गोष्ट खटकली. बायकोनं चारचौघांत परक्या भाषेत उत्तर दिलं तर कोणताही नवरा विचारेल, काय म्हणालीस? रफीकभाऊंनी विचारलं नाही. मी ते मनात ठेवलं, पण त्याचा अर्थ असा लावला की या माणसाला आता बायको काय म्हणते याचीही पर्वा उरलेली नाही. नव्या बायकोची तयारी झालेली दिसते.

पुढे माझी बदली सावली तालुक्यात झाली, मग मी ब्रह्मपुरीत घर केलं. अहेरीला जाणं वर्षाकाठी एखाद-दुसरं. दर वेळी बसमधून उतरताना मनाची तयारी करायची, की आता ही गेलेली असेल, नाहीतर ती आलेली असेल. पण नसरीन तिथेच, आणि दुसरी कोणी आलेली नाही. दिराची पोरं मोठी झाली, नागपूरला शिकायला गेली. अम्मांचं लग्नाचं पालुपद वर्षानुवर्षं चाललं. रफीकभाऊ ना हो म्हणत, ना नाही म्हणत, मान खाली घालून ऐकत. नसरीनचं जर्मन चालूच होतं, मात्र तोंडी. चिठ्ठ्या आता डोक्यात लावल्या, म्हणायची. एकदा प्रशिक्षणासाठी ब्रह्मपुरीला आली तेव्हा माझ्याकडे राहिली. तिची भरभर ओसरली नव्हती, केस तेवढे पिकले होते. मी पुन्हा छेडलं, इतकी वर्षं शिकतेस, ना जर्मनीला गेलीस, ना नोकरी, ना परीक्षा. कशासाठी गं? तर म्हणाली, "बाई, कोनाले भजनाचा नाद असते, कोनाले पत्त्याचा. मले याचा." मी मान डोलावली आणि अर्थातच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून दिलं, ती मागच्या बाकावर दोन तांदळाच्या पोत्यांमध्ये दाटून बसली होती, आणि काचेतून मला काहीतरी जर्मन म्हणाली. तीच शेवटची भेट.

तो फोन आल्यावर मी अहेरीला पोचले तेव्हा मिट्टी, म्हणजे दफन, होऊन गेली होती. नीट बोलणं झालं ते चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाच्या वेळी. मी आदल्या दिवशीच गेले आणि दुपारी रफीकभाऊंच्या दुकानात जाऊन बसले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर एक उघडं घड्याळ पडलेलं, ते त्याला हात लावत नव्हते. मी इकडचं तिकडचं बोलले नाही. म्हटलं, "भाऊ, मी संशयी बाई आहे, तुम्हाला माहीत आहे. ती गेली, आता तरी सांगा. जर्मन काऊन?"

त्यांनी उघड्या घड्याळावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरात तुमी बसल्या हाये. सांगा, नवरा-बायकोनं बोलाचं कुठी?"

 ते सांगत गेले, थांबत थांबत. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा दोघांना एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोलता येईना. पडद्याच्या या बाजूला श्वास घेतला तरी त्या बाजूला अम्मा. हिंदी बोला, मराठी बोला, घरच्यांना कळणारच. नसरीनला तेलुगू येत होती, पण धाकटी जाऊ तेलुगू मुलखालगतच्या सिरोंच्याची. रफीकभाऊंना गोंडी येत होती, बाजारात बसून शिकलेले, तर मोठा भाऊ तेंदूपत्ता तोडणीच्या कामावर गोंडीतच बोलायचा. इंग्रजी घरातल्या शाळकरी पोरांना कळायची. "अहेरीत कोनतीबी भाषा बोला, भिंतीपलीकडच्याले येतेच," ते म्हणाले. मग रेडिओवर तो धडा लागला. ती संध्याकाळी दुकानात डबा घेऊन आली होती, तिनं ऐकला, आणि म्हणाली, ही कोणालाच येत नाही. ती गावाला सांगून, हसत, चिठ्ठ्या लावून शिकली, म्हणजे कोणाला वाटावं बाईचं येड आहे. आणि रफीकभाऊ दुकानात बसून, रेडिओ तपासतोय असं दाखवून, तेच धडे ऐकत शिकले. चंद्रपूरच्या बसमध्ये शब्द घोकत. त्या घरात, त्या सगळ्या कानांच्या मध्ये, दोघांनी हवं ते बोलून घेतलं. ती भांडली, रडली, आणि कोणाला कळलं नाही की ती शेळीशी नाही, पलीकडे घड्याळाला किल्ली देणाऱ्या नवऱ्याशी बोलते आहे.

"जमादार आला तवा मी ओरडलो ना," ते म्हणाले, "तवा नसरीन जर्मनमंदी म्हने, छान ओरडलास, आता तोंड धू, हासू दिसून राह्यलं."

आणि मग त्यांनी जेवणाचं सांगितलं. रोज वाढताना, सगळ्यांसमोर, हातात पोळी धरून ती त्यांना विचारायची, हायराटन? म्हणजे, लग्न करता का? मूल नाही, अम्मा खचते आहे, तुम्हाला हवं असेल तर करा, मी अडवणार नाही, हे सगळं त्या एका शब्दात. आणि ते ताटावर हात आडवा धरून म्हणायचे, नीमाल्स. कधीच नाही. घरच्यांना वाटायचं पोळी नको म्हणतोय. वर्षानुवर्षं. तिनं विचारायचं थांबवलं नाही, कारण तिला ते रोज ऐकायचं असायचं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बांबूखाली हात घातला आणि त्यांच्या हाताला असलं सागवान कधी लागलं नसेल. मी पदरानं डोळे पुसले. म्हटलं, भाऊ, हे मी कुठे लिहिलं तर चालेल का? "लिवा," म्हणाले. "आता काय लपवाचं राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी फातेहा झाल्यावर घरची माणसं अंगणात जेवायला बसली. माझं ताट अंगणात आणलेल्या अम्मांच्या खाटेवरच दिलं होतं. अम्मा आता फार थकल्यात, हात कापतो, नीट दिसत नाही, पण कान तसेच आहेत. समोर मान खाली घालून बसलेल्या लेकाकडे बघत त्या म्हणाल्या, "मेरे बाद तेरा कौन है, बेटा? अब तो कर ले। अब तो वो भी नहीं है।"  तेवढ्यात मोठी जाऊ पोळ्यांची टोपली घेऊन त्यांच्यापुढे वाकली. रफीकभाऊंनी ताटावर हात आडवा धरला.

"नीमाल्स."

मोठी जाऊ टोपली घेऊन पुढच्या ताटाकडे गेली. त्या भरल्या घरात तो शब्द कळणारं आता कोणी उरलं नव्हतं, एक मी सोडले तर.  अम्मांनी मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "क्या बोला रे वो?"

"कुछ नहीं, अम्मा," मी म्हटलं, "रोटी नको म्हणतात."